आधी किडा मोजा, मग लेन्स घ्या

मक्याच्या पोंग्यात सापडलेली अळी अमेरिकन लष्करी अळीच आहे का, हे दोन खुणांवरून कळतं. डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय'च्या आकाराची फिकट रेघ असते आणि शेवटून दुसऱ्या वलयावर चार काळे ठिपके चौकोनात बसलेले असतात. पूर्ण वाढलेली अळी तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब भरते, पण तिचं डोकं पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे सगळी ओळख जिच्यावर अवलंबून आहे, ती रेघ ज्वारीच्या दाण्याहून लहान जागेत मावलेली असते. ती छापील पानावर स्पष्ट दिसेल असा फोटो काढणं, हे माझं काम.

पिकांवरच्या किडी आणि त्यांना खाणारे मित्रकीटक यांचे फोटो मी काढते. ते भित्तिपत्रकांवर, घडीपत्रिकांमध्ये जातात, शेतीशाळेत पडद्यावर दाखवले जातात. त्याआधी नाशिकला स्टुडिओत मसाल्याची पाकिटं, औषधांच्या बाटल्या, दागिने अशा वस्तूंचं छायाचित्रण करायचे. टेबलावर ठेवलेली वस्तू हलत नाही, प्रकाश आपल्या मनाने लावता येतो, आणि हवा तितका वेळ असतो. शेतात यातलं काहीच हाताशी नसतं. त्यामुळे या कामासाठी लेन्स निवडताना स्टुडिओतले निकष बाजूला ठेवून पहिल्यापासून विचार करावा लागला.

लष्करी अळीची भारतातली पहिली नोंद २०१८ साली कर्नाटकात झाली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातल्या मक्यावरही आली. मग मक्यातल्या प्रत्येक अळीकडे लोक संशयाने पाहू लागले. मक्यात खोडकिडा पूर्वीपासून आहे, कणसावर घाटेअळी येते, आणि या तिघींचा बंदोबस्त सारखा नसतो. गावागावांतून मोबाइलवर काढलेले फोटो येत. हिरव्या पानावर एक तपकिरी रेघ, एवढंच त्यात दिसे. पाठवणाऱ्याचा प्रश्न मात्र नेमका असे: "ताई, ही तीच का?" त्या फोटोवरून उत्तर देणं कुणालाच शक्य नव्हतं, कारण उत्तर ज्या खुणेत होतं ती खूण फोटोत आलेलीच नसायची.

आता कृषी पदविकेचे विद्यार्थी, नवे कृषी सहायक, हातात कॅमेरा आलेली शेतकऱ्यांची मुलं मला विचारतात, मॅक्रो लेन्स कोणती घेऊ? मी त्यांना उलट विचारते, तुला काय दाखवायचंय आणि ते किती मिलिमीटरचं आहे? याचं उत्तर मिळालं की लेन्सचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

माझ्या वहीत पिकांप्रमाणे किडींची मापं लिहिलेली आहेत. कपाशीतली गुलाबी बोंडअळी पूर्ण वाढली की सुमारे १२ मिलिमीटर. द्राक्षावरचा मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, तीन-चार मिलिमीटर. कपाशीवरचे तुडतुडे तीनच्या आसपास. मावा एक ते दोन. पांढरी माशी आणि कांद्यावरचे फुलकिडे साधारण एक. लाल कोळी अर्धा मिलिमीटर, आणि मिरचीवरची पांढरी कोळी तर जेमतेम ०.२ मिलिमीटर. या सगळ्यांना आपण सरसकट 'कीड' म्हणतो, पण पहिल्या आणि शेवटच्या नावात साठपट फरक आहे. एकच लेन्स सगळ्यांना पुरेल ही अपेक्षा इथेच सोडून द्यावी लागते.

मॅक्रो लेन्सवर १:१ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा, की किडा खऱ्या आकारात जेवढा आहे तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर पडते. माझ्या कॅमेऱ्याचा एपीएस-सी सेन्सर सुमारे २३ मिलिमीटर रुंद आहे आणि आडव्या ओळीत ६,००० पिक्सेल आहेत. म्हणजे १:१ला किड्याच्या दर मिलिमीटरमागे अडीचशेहून थोडे जास्त पिक्सेल मिळतात. लष्करी अळीचं डोकं सातशे पिक्सेल व्यापतं. छपाईच्या ३०० डीपीआयच्या हिशेबाने हे डोकं पानावर सहा सेंटिमीटरचं होतं आणि उलटा वाय दुरून वाचता येतो. फुलकिडा मात्र त्याच १:१ला दोन सेंटिमीटरच्या फारसा वर जात नाही, आणि त्यातही त्याच्या पंखांची केसाळ झालर धुरकटच राहते. संपूर्ण लष्करी अळी २३ मिलिमीटरच्या चौकटीत मावतच नाही, तिच्यासाठी १:२ वर यावं लागतं. एवढा हिशेब कागदावर केला की दुकानात जाण्याआधीच पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ची लेन्स एकतृतीयांशापर्यंत पोचते. अनेक झूम लेन्सवर 'मॅक्रो' लिहिलेलं असतं, पण त्यांचं प्रमाण पुष्कळदा १:४च्या आसपास असतं. अळीने खाल्लेलं पान दाखवायला तेवढं पुरतं, अळीची ओळख पटवायला पुरत नाही.

सुरुवातीला मी ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब लावून काम केलं. या नळ्यांत काच नसते, त्या लेन्सला सेन्सरपासून दूर नेतात, एवढंच. ५० मिलिमीटरच्या लेन्सला ५० मिलिमीटर लांबीच्या नळ्या लावल्या की १:१ मिळतं. खर्च कमी असतो, आणि स्थिर मिलीबगसाठी आजही मी कुणाला नाही म्हणणार नाही. पण नळ्या लावल्या की दूरचं काहीच फोकस होत नाही. झाडाचा फोटो हवा असेल तर नळ्या काढा, अळीचा हवा असेल तर पुन्हा लावा. धुळीच्या बांधावर सेन्सर उघडा पडण्याची ही वेळ मला टाळायची होती. मॅक्रो लेन्स थेट दूरच्या झाडापासून १:१पर्यंत एकाच कड्यावर येते. तिची रचनाही जवळच्या सपाट वस्तूसाठी बेतलेली असते. निकॉनची १९५६ सालची पहिली मायक्रो-निक्कोर कागदपत्रांचं मायक्रोफिल्मिंग करण्यासाठी केलेली होती, आणि निकॉन आजही आपल्या मॅक्रो लेन्सना मायक्रोच म्हणते. या सपाटपणाचा फायदा मला रोगांचे फोटो काढताना होतो. द्राक्षाच्या पानामागची डावणीची पांढरी बुरशी किंवा कांद्याच्या पातीवरचा जांभळा करपा लेन्ससमोर समांतर धरला, तर कडेपासून कडेपर्यंत सारखा रेखीव येतो.

मॅक्रो लेन्सच घ्यायची हे ठरल्यावर खरा प्रश्न उरतो फोकल लेन्थचा. ६०, ९० ते १०५, की १५० ते १८०? यातल्या बहुतेक १:१ला पोचतात आणि बहुतेक अतिशय रेखीव असतात. फरक पडतो तो १:१ला पोचताना लेन्सचं तोंड किड्यापासून किती दूर राहतं यात.

माहितीपत्रकात 'किमान फोकस अंतर' छापलेलं असतं. ते लेन्सच्या टोकापासूनचं अंतर नसतं, सेन्सरपासूनचं असतं. कॅमेऱ्याच्या माथ्यावर गोल आणि त्यातून गेलेली आडवी रेघ अशी खूण असते, तिथून ते मोजलेलं असतं. कॅनन १०० मिलिमीटर एल लेन्सचं हे अंतर ३० सेंटिमीटर आहे. त्यातून कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा केली की किड्यापुढे सुमारे १४ सेंटिमीटर मोकळे राहतात. त्यांच्याच ६० मिलिमीटरच्या लेन्ससाठी छापील आकडा २० सेंटिमीटर, प्रत्यक्षात हाती येतात नऊच्या आसपास. १८०च्या लेन्सला २४च्या आसपास मिळतात, पण तिचं वजन किलोहून अधिक आहे. लेन्सला हूड लावला की या अंतरातून तेवढी लांबी पुन्हा कमी होते.

हे पाच-दहा सेंटिमीटर शेतात फार मोलाचे असतात. मक्याचा पोंगा वरून पाहावा लागतो. पानं एकमेकांत गुंडाळलेली असतात, आत लाकडाच्या भुशासारखी विष्ठा साचलेली असते आणि तिच्याखाली अळी असते. पानाची गुंडाळी बोटाने जराशी सैल केली की ती आत सरकते, मग थांबावं लागतं. काही वेळाने डोकं वर येतं. अशा वेळी नऊ सेंटिमीटरवर लेन्स आणली तर लेन्सचीच सावली पोंग्यात पडते आणि फ्लॅशचा प्रकाश आत उतरायला वाट राहत नाही. चौदावर तिरका प्रकाश आत जातो, डोक्याच्या तकतकीत पृष्ठभागावर पसरतो आणि रेघ उठून दिसते.

तुडतुड्यांचं वेगळं. ते पानाच्या खालच्या बाजूला असतात, चाहूल लागली की तिरके पळतात, आणि आणखी जवळ गेलं की उडी मारून जातात. त्यांच्या पंखांच्या टोकाकडे दोन काळे ठिपके असतात, ते दाखवायचे तर किडा बसलेला हवा. पान एका हाताने हळू उलटायचं आणि दुसऱ्या हाताने कॅमेरा पुढे न्यायचा. इथे १८० मिलिमीटरची लेन्स सगळ्यात चांगली असं कागदावर वाटतं. पण भर पावसाळ्यात कपाशी दाटली की दोन ओळींत उकिडवं बसायलाही जागा नसते आणि किलोभराची लेन्स एका हाताने तोलता येत नाही. मी एका मित्राची १८० आणून कपाशीत आणि द्राक्षाच्या मांडवाखाली वापरून पाहिली. फुलपाखरं आणि चतुर यांच्यासाठी ती उत्तम आहे, कारण तिथे उभं राहून, मोकळ्यावर, दोन्ही हातांनी काम होतं. माझं काम एका हाताचं आहे. म्हणून १००च्या घरातली लेन्स मला जुळली. ९०, १०० आणि १०५ यांतला फरक शेतात जाणवत नाही. तुमच्या कॅमेऱ्याला बसणारी आणि चांगल्या स्थितीत मिळणारी घ्यावी.

लहान फोकल लेन्थच्या लेन्सला १:१ला जास्त खोली मिळते, म्हणजे किड्याचा जास्त भाग रेखीव येतो, असा समज बऱ्याच जणांचा आहे. तो सोडून द्यायला हवा. मोठेपणा आणि ॲपर्चर सारखं ठेवलं, तर ६० आणि १०० या दोन्हींत रेखीव पट्टा जवळजवळ तितकाच असतो. १:१ला एफ/११ ठेवला तर तो माझ्या सेन्सरवर मिलिमीटरपेक्षाही थोडा कमी भरतो, एफ/२.८ला पाव मिलिमीटरही राहत नाही. मग एफ/३२ का नको? कारण १:१ला लेन्सचं परिणामी ॲपर्चर दुप्पट आकड्याचं होतं. एफ/११ हा व्यवहारात एफ/२२ असतो आणि एफ/३२ हा एफ/६४. तिथे विवर्तनामुळे सगळंच मऊ पडतं. म्हणून मी एफ/८ ते एफ/११च्या पलीकडे क्वचित जाते आणि तो मिलिमीटरभराचा पट्टा कुठे ठेवायचा याचा विचार करते. लष्करी अळीत तो डोक्यावरून जायला हवा, मग शरीर धूसर झालं तरी चालेल. शेपटीकडचे चार ठिपके हा वेगळा फोटो. दोन्ही खुणा एकाच फोटोत आणायच्या असतील, तर अळी सरळ पसरलेली असताना कॅमेरा तिच्या पाठीला समांतर नेऊन १:२ला काढावा. शेतकऱ्याला एका सुंदर फोटोपेक्षा खुणा दाखवणारे दोन साधे फोटो जास्त उपयोगी पडतात.

स्टॅबिलायझेशनसाठी जास्त पैसे द्यावेत का, हाही नेहमीचा प्रश्न. कॅननच्या १०० एलमध्ये ते चार स्टॉपचं सांगितलं जातं, पण १:१ला येईपर्यंत ते दोनवर येतं, हेही कंपनीनेच नमूद केलेलं आहे. व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा स्थिर दिसते, फोकस लावायला मदत होते, हा फायदा खरा आहे. पण स्टॅबिलायझेशन हात स्थिर करतं, पान स्थिर करत नाही. आमच्याकडे सकाळी नऊनंतर वारा सुटतो आणि कांद्याची पात क्षणभर थांबत नाही. त्यावर माझ्याकडे दोन उपाय आहेत. पहिला उपाय हाताचा: डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीने पात धरायची आणि लेन्सचं तोंड त्याच हातावर टेकवायचं. मग पात, हात आणि लेन्स एकत्र हलतात आणि त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. फोकसचं कडं एका जागी ठेवून बोटं किंचित पुढे-मागे केली की रेखीव पट्टा हवा तिथे आणता येतो. दुसरा उपाय फ्लॅशचा. फ्लॅश कमी ताकदीवर चालवला की त्याचा झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका टिकतो आणि त्यात वारा, हात, किडा सगळं गोठतं. त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपर किंवा पांढऱ्या पातळ प्लास्टिकचा डिफ्यूझर हवा आणि तो किड्याच्या जितका जवळ आणि जितका मोठा, तितका प्रकाश मऊ. डिफ्यूझरशिवाय ढालकिड्याच्या पाठीवर एक पांढराफटक ठिपका तेवढा दिसतो आणि रंग हरवतो. पैसे मोजकेच असतील तर स्टॅबिलायझेशन नसलेली जुनी लेन्स घ्या आणि वाचलेल्या पैशांत फ्लॅश घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते.

एक मिलिमीटर आणि त्याखालच्या किडींचा प्रश्न मात्र १:१ने सुटत नाही. मिरचीचा बोकड्या घ्या. पानं आकसतात, झाड खुजं राहतं. फुलकिड्यांमुळे झालं असेल तर पानाच्या कडा वर वळतात, कोळीमुळे असेल तर खाली. पण शेतात दोन्ही एकत्र असतात, विषाणूही असतो, आणि नुसत्या वळणावरून खात्री होत नाही. फुलकिडा हा कीटक, त्याला सहा पाय. पूर्ण वाढलेल्या कोळीला आठ. दोन्हींची औषधं वेगळी. फुलकिड्यावरचं पुष्कळसं कीटकनाशक कोळीवर चालत नाही आणि शेतकरी फवारणीमागून फवारणी करत राहतो. हा फरक फोटोत दाखवायचा तर पाय मोजता यायला हवेत.

त्यासाठी मी १००च्या लेन्सपुढे रेनॉक्सचं डीसीआर-२५० हे भिंग चिमट्याने अडकवते. ते आठ डायॉप्टरचं आहे आणि ५२ ते ६७ मिलिमीटरच्या फिल्टर-धाग्यावर बसतं. मुख्य लेन्सचा फोकस अनंतावर असताना सुमारे ०.८पट आणि जवळ आणल्यावर सुमारे दुप्पट मोठेपणा मिळतो. बसवायला आणि काढायला क्षणभर लागतो. मिरचीचं फूल पांढऱ्या कागदावर झटकायचं, त्यावर पडलेले फुलकिडे पळायच्या आत काढायचे, हे या भिंगाने जमतं. पिवळसर शरीर, सहा पाय, पाठीवर मिटलेले झालरीचे पंख, एवढं नीट दिसतं.

याहून पुढे जायचं तर कॅननची एमपी-ई ६५ आहे. ती १९९९ची, एकपट ते पाचपट, फोकस पूर्ण हाताने, आणि दूरचं तिला काहीच दिसत नाही. पाचपटीला किड्यापुढे चार सेंटिमीटर राहतात आणि रेखीव पट्टा मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका होतो. फुलकिडासुद्धा त्यात पूर्ण येत नाही, अनेक फोटो थोडे-थोडे सरकवून काढायचे आणि संगणकावर एकत्र जोडायचे. हे काम शेतात होत नाही. पान ओल्या कापसात गुंडाळून, पिशवीत घालून, सावलीतून टेबलापर्यंत आणावं लागतं. विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात ओळख-पुस्तिकेसाठी काम करणाऱ्याने ही लेन्स जरूर घ्यावी. शेतात फिरणाऱ्याने घेऊ नये. आणि ०.२ मिलिमीटरच्या कोळीपुढे तीही अपुरीच. तिचे पाय मोजायचे तर सूक्ष्मदर्शकाकडेच जायला हवं.

माझ्या कामातला मला सगळ्यात प्रिय भाग मित्रकीटकांचा आहे. ढालकिड्याची अळी काळी, लांबट, नारिंगी ठिपक्यांची आणि दिसायला उग्र असते. ती दिवसभर मावा खाते, पण तिला कीड समजून अनेकजण तिच्यावरच औषध मारतात. क्रायसोपा या दुसऱ्या मित्रकीटकाचं अंडं तर पानावर टेकलेलंसुद्धा नसतं. केसाएवढ्या बारीक, काही मिलिमीटर लांबीच्या देठाच्या टोकावर एकेक पांढरट-हिरवं अंडं उभं असतं. कुठल्यातरी बुरशीचा कोंब असावा, असं पाहणाऱ्याला वाटतं. त्याचा फोटो बाजूने, देठाला काटकोनात, मागे मोकळी जागा ठेवून काढला तरच देठ दिसतो. मागे पान जवळ असलं की देठ त्यात बुडून जातो. १००ची लेन्स मागचा अरुंद भागच चौकटीत घेते, त्यामुळे अंगठाभर सरकून मागचं पान टाळता येतं. ६०ला मागचं पुष्कळ काही चौकटीत शिरतं. फोकल लेन्थचा हा दुसरा उपयोग मला क्रायसोपाने शिकवला. ते अंडं भित्तिपत्रकावर पाहून, हे आपल्या वांग्यावर रोज दिसतं, असं म्हणणाऱ्या बायका शेतीशाळेत भेटतात, आणि मग त्या पानावर फवारा जात नाही.

लेन्स जुनी घ्यायला माझी काहीच हरकत नाही, पण काही गोष्टी हातात घेऊन तपासाव्यात. मोबाइलचा टॉर्च मागून लावून तिरकं पाहिलं की काचेवरची बुरशी जाळीसारखी दिसते. कोकणातून किंवा पावसाळी घाटातून आलेल्या लेन्समध्ये हे आवर्जून पाहावं. फोकसचं कडं अनंतापासून १:१पर्यंत कुठेही न अडकता फिरायला हवं. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नसावं. शेताच्या कामासाठी आतल्या आत फोकस होणारी लेन्स बरी. जवळ फोकस करताना जी लेन्स पुढे लांब होते, तिच्या नळीबरोबर धूळ आत जाते. द्राक्षपट्ट्यात गंधकाची भुकटी हवेत असते आणि बोर्डोचे निळे डाग पानांवरून थेट काचेवर येतात, म्हणून पुढे साधा संरक्षक फिल्टर लावलेलाच असावा. घरी आल्यावर लेन्स सिलिका जेलच्या डब्यात ठेवावी.

एवढा खर्च आणि हिशेब कशासाठी, हे मला शेतातच कळत गेलं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले. त्या आपत्तीला कारणं अनेक होती, पण अनावश्यक किंवा चुकीच्या औषधाची प्रत्येक फवारणी माणसाला तो धोका पुन्हा एकदा पत्करायला लावते, आणि तिचे पैसे तर जातातच. फवारणी करायची की थांबायचं, हे ठरवण्यासाठी राज्यात २००९-१०पासून क्रॉपसॅप या प्रकल्पाखाली पिकांचं कीड-सर्वेक्षण चालतं. कामगंध सापळ्यातले पतंग मोजले जातात, कपाशीत बोंडअळीने ग्रासलेल्या डोमकळ्या मोजल्या जातात. त्या मोजणीला अर्थ येतो तो मोजणाऱ्याने किडा बरोबर ओळखला तर. माझे फोटो त्या ओळखीसाठी आहेत.

प्रत्येकाने मॅक्रो लेन्स घ्यावी, असं माझं म्हणणं मुळीच नाही. सल्ला विचारणाऱ्या शेतकऱ्याला मी दहा पटीचं हातभिंग घ्यायला सांगते. ते डोळ्याशी धरून पान त्याच्याजवळ आणलं की फुलकिडा आणि मावा वेगळे दिसतात. तेच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर टेकवलं की फोटोही निघतो. पाठवताना तीन फोटो पाठवावेत: पूर्ण झाड, नुकसान दिसणारं पान, आणि किड्याचा जवळचा, ज्यात शेजारी मिलिमीटर आखलेली कागदी पट्टी ठेवलेली असेल. मापावरून निम्मे संशय तिथेच मिटतात. गावातल्या एका मुलाकडे कॅमेरा असेल आणि त्याला हे काम मनापासून करायचं असेल, तर त्याने १००च्या घरातली एक लेन्स, एक साधा फ्लॅश, घरी केलेला डिफ्यूझर आणि पुढे-मागे एक क्लिप-ऑन भिंग एवढं घ्यावं. मिलीबगपासून लष्करी अळीपर्यंत त्याच्या तालुक्यातल्या बहुतेक किडी यात बसतात.

लेन्सच्या चाचण्या, तक्ते, रेखीवपणाचे आलेख मीही आवडीने वाचते आणि त्यातून बरंच शिकते. पण शेवटी मी लेन्स पारखते ती एका कसोटीवर: तिने काढलेला फोटो पाहून शेतकऱ्याला पाय मोजता आले का, उलटा वाय दिसला का, आणि पाठीवरचा पंप भरायचा की रिकामा ठेवायचा हे ठरवता आलं का. तेवढं दाखवणारी लेन्स जुनी असो, स्वस्त असो, हाताने फोकस करायची असो, या कामासाठी ती योग्य लेन्स आहे.